आधी खोट सांगणारी बाई

आगाशीच्या बाजारात द्वारका चुरींच्या टोपलीपुढे गिऱ्हाईक थांबलं की काकी मालाचं कौतुक करत नाहीत. आधी खोट सांगतात. "ही खालची घेऊ नका. मंगळवारी आभाळ होतं, जरा चामट झालीत. वरची घ्या."

काकी सुकेळी विकतात. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, आठवडाभर बांबूच्या मांडवावर उन्हात वाळवायची आणि रोज संध्याकाळी कपड्यात गुंडाळून आत घ्यायची. त्याची जी गोड, तपकिरी, मधासारखी चिकट वस्तू होते ती सुकेळी. हे काम आता करणारी घरं आगाशीत कमी राहिलीत. मुंबईहून गाड्या घेऊन येणाऱ्या लोकांना काकींची पद्धत कळत नाही. एकदा एक जण वैतागून म्हणाला, "आंटी, बेचने बैठी हो या भगाने?"

काकी म्हणाल्या, "बेचने. अगले साल भी बेचनेका है."

वय त्रेसष्ट. माहेर केळव्याचं, शिक्षण सातवी. घरात वाडवळी बोलतात, आमच्यासारख्या बाहेरच्यांशी शाळेतली मराठी. नवरा दयाराम पोस्टमन होता. निवृत्त झाल्यापासून काकांचे गुडघे बोलतात, ते स्वतः फारसे बोलत नाहीत. बोलले तर टोमणाच मारतात. काकींचं नाव पेपरात कधी आलं नाही, त्यांना कुठल्या मंडळाने शाल दिली नाही. मी त्यांच्याबद्दल लिहितेय ते एका पत्रामुळे. ते पत्र वाचून मी त्यांच्याशी कडाकडा भांडले होते.

मी उन्नती. फुलपाड्यात झेरॉक्सच्या दुकानाबाहेर माझं टेबल आहे. शाळा नववीत सुटली, पण अर्ज कसा लिहायचा हे मला ज्या साहेबांनी हाकललं त्यांनीच शिकवलं. पाण्याची तक्रार, माहितीचा अधिकार, रेशन कार्ड, सगळं लिहिते. सगळ्यात जास्त काय लिहिलं असेल तर शिफारसपत्रं. आमच्याकडे शाळेचा प्रवेश असो की हॉस्पिटलची सवलत, कोणातरी मोठ्या माणसाला 'हा आमच्या ओळखीचा' असं म्हणावं लागतं. नगरसेवक माजी झाले, महापालिकेत प्रशासक बसला, तरी लेटरहेड माजी होत नाही. मी मजकूर लिहायची, लोक सही आणायचे.

मजकूर ठरलेला होता. "सदर विद्यार्थिनी माझ्या चांगल्या परिचयाची असून ती सुस्वभावी, होतकरू, मेहनती व गरजू आहे. तिला योग्य ते सहकार्य करावे ही विनंती." एकेक शब्द मी पारखून घेतला होता. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी अक्षया माझ्याकडे आली. फुलपाड्याचीच पोरगी. वडील रिक्षा चालवतात, आई घरी बसून टिकल्यांची पाकिटं भरते. कोकणात एका संस्थेत फळप्रक्रियेचा दोन वर्षांचा कोर्स आहे, फी माफ, राहणं-जेवण फुकट. जागा बारा. अक्षयाला तिथे जायचं होतं. तिचं ऐकून आमच्या गल्लीतल्या आणखी तिघांनी अर्ज भरला. चौघांना शिफारसपत्र हवं होतं, चौघांना मी दिलं. एकाला माजी नगरसेवकाची सही, एकाला मंडळाच्या अध्यक्षाची, एकाला सोसायटीच्या चेअरमनची, एकाला डॉक्टरची.

चारही अर्ज परत आले.

मी तिथे फोन लावला आणि आवाज चढवला. "गरिबाची पोरं म्हणून डावलता काय?" पलीकडच्या बाईंनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "मॅडम, जरा ऐका," आणि चारही पत्रं एकामागून एक वाचून दाखवली. चार लेटरहेडं, चार सह्या, मजकूर एक. तिसरं पत्र अनुज नावाच्या मुलाचं होतं आणि त्यात त्याला मी 'सदर विद्यार्थिनी' करून ठेवलं होतं. बाई म्हणाल्या, "चार मोठ्या माणसांना एकच वाक्य सुचलं, यातल्या एकाने तरी त्या मुलांना पाहिलंय का?"

मी फोन ठेवला.

बाकीचे तिघे दुसरीकडे लागले. अक्षया हटली नाही. यंदा पुन्हा फॉर्म आणला. वयाची अट एकवीस आणि ऑगस्टमध्ये ती बावीसची होणार, म्हणजे ही शेवटची खेप. फॉर्मवर या वर्षी एक ओळ नवीन होती: ज्या व्यक्तीने अर्जदाराचं काम किमान दोन वर्षं स्वतः पाहिलं आहे, अशा नातेवाईक नसलेल्या व्यक्तीचं पत्र, फोन नंबरसह. ही ओळ आमच्या चार पत्रांमुळे आली असं अक्षयाचं म्हणणं. मी म्हटलं, उगाच माझ्या नावावर काही खपवू नकोस.

"प्रिन्सिपलचं पत्र आणू या," मी म्हटलं. "माझी ओळख आहे."

"प्रिन्सिपलने मला फक्त फीच्या रांगेत बघितलंय, ताई. काम करताना बघणारं एकच माणूस आहे. द्वारकाकाकी."

अक्षया तीन हंगाम दर शनिवार-रविवार आगाशीला सुकेळी करायला जात होती. रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला जायचं, आगाशीची बस धरायची. हे मला माहीत होतं. पण टोपली घेऊन बसणाऱ्या बाईचं पत्र? त्याला ना लेटरहेड, ना शिक्का.

"हसतील तिथे," मी म्हटलं.

"मागच्या वर्षी हसलेच ना," अक्षया म्हणाली.

मी तिच्याबरोबर गेले.

काकी वाडीत मांडवावरची केळी उलटत होत्या. आम्ही काय मागतोय ते ऐकलं आणि हात न थांबवता म्हणाल्या, "नाही बाय. मी कोणासाठी शब्द टाकत नाही."

"काकी, दोन ओळी लिहायच्या," मी म्हटलं. "चांगली मुलगी आहे, एवढंच."

"एवढंच?" त्या मांडवापासून बाजूला झाल्या आणि हात पुसत ओट्यावर बसल्या. "एवढंच एकदा केलं मी. माझ्या बहिणीची मुलगी, रिद्धी. तिला स्थळ आलं ते माझ्या ओळखीचं. बहीण म्हणाली, द्वारका, तू सांगशील तसं. मी सांगितलं, नोकरी चांगली, घर चांगलं, सासू शांत. सगळं खरं. मुलगा पितो हे पण मला ठाऊक होतं. म्हटलं, लग्न झालं की सुटेल. तेवढं एक गाळलं."

त्यांनीच पुढे सांगितलं.

"दोन वर्षांनी आली ती, मनगट मोडून. बहीण मला बोलली नाही काही. बोलली असती तर बरं होतं. मी खोटं बोलले नव्हते गो. फक्त गाळलं होतं."

दयारामकाका दारात खुर्ची टाकून बसले होते. ते म्हणाले, "तेव्हापासून ही पाहुण्याला चहा देताना पण सांगते, साखर कमी पडलीय."

"पडलेली असते म्हणून सांगते," काकी म्हणाल्या. मग अक्षयाकडे वळल्या. "लिहीन. पण सगळं लिहीन. आधी खोट, मग बाकीचं. चालेल?"

अक्षयाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "चालेल," म्हणाली.

पत्राला चार दिवस लागले. काकांनी सांगितलं, तीन कागद फाडले आणि शाई संपवली. "मी जन्मभर गावाची पत्रं वाटली, घरात एक लिहायला घेतलं तर जेवण दोन वाजता मिळायला लागलं." पाचव्या दिवशी आम्ही गेलो. वहीच्या रेघी कागदाच्या दोन्ही बाजू भरलेल्या, अक्षर मोठं, सावकाश काढलेलं. मी मोठ्याने वाचायला लागले.

"मी द्वारका दयाराम चुरी, राहणार आगाशी. शिक्षण सातवी. मी सुकेळी करते. अक्षया तीन हंगाम शनिवार-रविवार माझ्याकडे कामाला येते. ती माझी नातेवाईक नाही.

"आधी खोट सांगते. ती उलट बोलते. सांगितलेलं काम का करायचं ते विचारल्याशिवाय करत नाही, त्यात वेळ जातो. सकाळी उशिरा येते आणि बस चुकली म्हणते. निम्म्या वेळा ते खरं असतं.

"पहिल्या वर्षी मी लग्नाला गेले होते. संध्याकाळी माल आत घ्यायचं तिच्यावर सोपवलं होतं. ती तशीच घरी गेली. दव पडलं, चाळीस केळी फुकट गेली. विचारलं तर म्हणाली, मांजर शिरलं होतं. हे खोटं होतं. मला कळलं, पण मी बोलले नाही. पुढच्या शनिवारी ती आली आणि मांडवाकडे न जाता माझ्यापुढे उभी राहिली. खरं काय ते सांगितलं. त्या दिवसापासून संध्याकाळी किती केळी आत घेतली तो आकडा ती भिंतीवर खडूने लिहिते. मी तसं सांगितलं नव्हतं. आता ती नसते त्या दिवशी मी पण लिहिते.

"आता चांगलं सांगते. केळं बोटाने दाबून कधी सोलायचं ते तिला माझ्याइतकं कळतं. हे कळायला मला सहा वर्षं लागली होती. माश्या बसू नयेत म्हणून तिने मच्छरदाणीची जाळी काठ्यांवर ताणून बसवली. पहिल्यांदा ती वाऱ्याने उडाली, दुसऱ्यांदा फाटली, तिसऱ्यांदा बसली. जे येत नाही ते येतं असं ती म्हणत नाही. एकदाच खोटं बोलली, ते वर लिहिलं आहे. द्वारका द. चुरी."

माझं डोकं सणकलं.

"काकी, हे शिफारसपत्र आहे की पोलिसातला जबाब? उलट बोलते, उशिरा येते, खोटं बोलली! पुढचं वाचायला थांबतंय कोण? तिची शेवटची संधी आहे ही."

"म्हणून तर नीट लिहिलं."

"ते मांजराचं काढा. बाकी राहू दे."

"ते काढलं तर खडूचं कशावर उभं राहील?"

"कशावर पण राहू दे! बाकीच्या पोरांची पत्रं बघा जाऊन. सगळी देवमाणसं असतात त्यात. आणि आपल्या पोरीच्या पत्रात दव, मांजर आणि चाळीस केळी. तुम्ही तुमचं तत्त्व सांभाळा, वर्ष तिचं जाईल."

काकी माझ्यावर चिडल्या नाहीत. त्याने मी आणखी चिडले. पिशवीतून मी माझा कागद काढला. हो, मी घरून टाईप करून आणला होता, सवय जात नाही. या वेळी नवे शब्द घातले होते. चिकाटी, कल्पकता, नेतृत्वगुण. "यावर सही करा," मी म्हटलं. "तुमचंच नाव आहे खाली."

त्यांनी चष्मा लावला. बोट फिरवत पूर्ण पान वाचलं. कागद घडी करून माझ्या हातात दिला.

"छान लिहिलंयस. कोणाबद्दल आहे?"

दयारामकाका खुर्चीत हसायला लागले ते खोकला येईपर्यंत. मी इतकी वर्षं साहेब लोकांशी भांडतेय, मला असं कोणी एका वाक्यात खाली बसवलं नव्हतं. मी चप्पल घातली. म्हटलं, चल अक्षया, दुसरं माणूस बघू.

अक्षया उठली नाही. तिने काकींचं पत्र उचललं आणि मनातल्या मनात पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कान लाल झाले होते. मला वाटलं, रडते आता.

"काकी," ती म्हणाली, "चाळीस नव्हती. बावन्न होती."

"चाळीस. मी टाकली ना बाहेर."

"त्याच्या आधी बारा मी टाकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, तुम्ही लग्नाहून यायच्या आत. विहिरीमागे." ती कागदाकडेच बघत होती. "तुम्ही सगळं लिहिलंय, मग आकडा पण बरोबर लिहा."

काकींनी चष्मा पुन्हा लावला. मग काकांना म्हणाल्या, "पेन द्या." चाळीसवर एक रेघ मारली, वर बावन्न लिहिलं, बाजूला छोटी सही केली. पोस्टमनच्या बायकोला खाडाखोडीजवळ सही लागते हे माहीत असतं.

"आता पाठव," त्या म्हणाल्या.

आम्ही बसने परत आलो. माझ्या टेबलावरच स्कॅन केलं आणि फॉर्मसोबत पाठवलं. बटण तिनेच दाबलं. मी म्हटलं, मी हात लावणार नाही, उद्या मला दोष नको.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फोन आला. मी तेव्हा रेशनच्या एका भांडणासाठी आगाशीत गेले होते आणि बाजारात काकींपाशी टेकले होते. काकींचे हात चिकट, म्हणून काकांनी फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या तोंडाशी धरला. आवाज मी ओळखला. गेल्या वर्षी चार पत्रं वाचून दाखवणाऱ्या त्याच बाई.

पत्र तुम्हीच लिहिलं का, असं त्यांनी विचारलं. काकी म्हणाल्या, अक्षर बघा, दुसऱ्या कोणाचं इतकं वाईट असेल का. जाळी कशी बसवली, केळं दाबून काय कळतं, दव पडलेला माल वाचवता येतो का, बाई विचारत गेल्या. काकी मध्येच गिऱ्हाईकाला सांगत होत्या, "ते नको, हे घ्या," आणि परत फोनकडे वळत होत्या. शेवटी बाईंनी विचारलं, "या मुलीला तुम्ही पुढच्या हंगामात परत कामावर घ्याल?"

"नाही," काकी म्हणाल्या.

मी हातवारे करायला लागले. काकींनी माझ्याकडे ढुंकून बघितलं नाही.

"का नाही?" फोनमधून आलं.

"माझ्याकडचं तिचं शिकून झालं. आता ती विचारते, केळं काळं का पडतं, आत नक्की काय होतं, पावसात कसं वाळवायचं. मला नाही माहीत. मी म्हणते, आमच्याकडे असंच करतात. तिला ते पुरत नाही. ती राहिली तर माझं बरं होईल, माझी कंबर वाचेल. पण नाही ठेवायची मी."

मग बाई म्हणाल्या, "ठीक आहे काकी. तिला मुलाखतीला बोलावतोय."

फोन बंद झाल्यावर मी म्हटलं, "जीव काढला तुम्ही माझा."

"तुझा कशाला? फॉर्म कोणाचा आहे?" काकी म्हणाल्या.

मुलाखतीत अक्षयाला पहिलाच प्रश्न बावन्न केळ्यांचा आला. ती सांगत होती, समोरच्या तिघांपैकी एक सर पत्र हातात धरून बसले होते आणि त्यांनी विचारलं, चाळीसची बावन्न कशी झाली? हिने सांगितलं तर म्हणाले, बारा लपवली होतीस तर आता का सांगितलीस? ही म्हणाली, "ज्यांनी लिहिलं त्यांना पूर्ण माहिती नव्हती, आणि सही त्यांची जाणार होती." पुढे अर्धा तास केळ्यांवरच बोलणं झालं. मुलाखतीला पण ती दहा मिनिटं उशिरा पोचली होती. बस चुकली होती. या वेळी खरंच.

निकाल मे महिन्याच्या शेवटी आला. बारा जणांच्या यादीत अक्षया नववी. मी टेबल सोडून तिच्याबरोबर आगाशीला गेले. हंगामातला शेवटचा माल मांडवावर होता. समुद्राकडून ढग यायला लागले होते, त्यामुळे काकी घाईत होत्या. अक्षयाने मोबाईल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी यादीवर बोट ठेवलं, नाव वाचलं, पुन्हा वाचलं.

"कधी हजर व्हायचं?"

"दहा तारखेला."

"मग अजून दोन शनिवार आहेस." त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, चिकट हात, केस चिकटले. "त्या पत्रात चांगलं लिहिलंय ते त्यांनी लिहायला लावलं म्हणून. नाहीतर मी तुझ्या तोंडावर कधी बोलले नसते. डोक्यात जाऊ देऊ नकोस."

"नाही जाणार," अक्षया म्हणाली. ओढणी कमरेला खोचून ती मांडवाकडे गेली.

काका आत तोंड धुवायला गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

ढग जवळ येत होते. आम्ही तिघी मिळून कपड्यात केळी गुंडाळायला लागलो. मला ते काम येत नाही. काकींनी माझ्या हातातून एक काढून घेतलं आणि म्हणाल्या, "असं दाबू नकोस, लोणचं घालायचं नाहीये." माझी कंबर पाच मिनिटांत धरली. या बाईचं कसं होणार असं मनात आलं, आणि माझ्या तोंडात काही राहत नाही.

"काकी, पुढच्या हंगामाला कोण? तुम्ही एकट्या?"

"येईल कोणीतरी नवी."

"आणि तिला येत नसलं तर?"

"पहिल्या वर्षी कोणालाच येत नाही. ती पण माल घालवेल. घालवू दे." काकींनी गाठ मारली, गाठोडं उचलून कमरेवर घेतलं आणि घराकडे चालायला लागल्या. "त्रेसष्टची आहे मी. अजून दोन-तीन पोरी तयार होतील माझ्या हातून."